धामणीचा दांडा

खांदा दुखायला लागला, तेव्हा कुऱ्हाडीचा जड बाभळीचा दांडा बदलायला मी दिंद्रुडच्या बाजारात एका सुताराकडे गेलो. नाव विचारायचं राहूनच गेलं. कानामागची पेन्सिल चाचपत त्यानं कुऱ्हाडीऐवजी माझा खांदाच न्याहाळला आणि तीन दांडे पुढे केले.

"एकेक घिऊन बाजारात चक्कर मारून या. लई घाई करू नका."

पहिल्यानं मनगट भरून आलं. दुसरा सारखा या हातातून त्या हातात घ्यावा लागला. तिसरा धामणीच्या लाकडाचा. तो मी पेरू निवडता निवडता टोपलीपाशीच विसरलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. मी ओशाळलो, तो मात्र खुलला.

"त्योच तुमचा. हातात हाय हेच इसरलात नव्हं?"

आता रोज लाकडं फोडतो. खांदा आठवतो तो बायकोनं विचारल्यावरच.