मागच्या दाराची सात कुलपं

त्या सात कुलपांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढा संताप क्वचितच आला असेल. त्यातला थोडा माझा माझ्यावरच आहे.

पुण्यात तेव्हा रोज एखाद्या नव्या संगणक कंपनीची पाटी लागत होती. धायरीच्या शेतांमध्ये पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका शेडमध्ये परदेशी दुकानांसाठी शर्ट शिवले जायचे. एका सकाळी तिथला मॅनेजर आमच्या ठाण्यात आला. निर्यातीचे बारा शर्ट चोरीला गेलेत आणि धागे कापणाऱ्या एका बाईवर संशय आहे, अशी त्याची फिर्याद होती. इस्त्री कडक, इंग्रजी त्याहून कडक. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. गुन्हा नोंदवला आणि महिला शिपायाला घेऊन त्या बाईच्या खोलीवर गेलो.

बाई यवतमाळकडची, तिशीतली. धाकट्या बहिणीबरोबर भाड्याच्या एका खोलीत राहायची. दोघीही त्याच कारखान्यात कामाला. दोन पंचांसमोर झडती घेतली. शर्ट एकही मिळाला नाही. मात्र तांदळाच्या डब्यात हात घातला तर कुलपं निघाली. एक, दोन करत सात. सगळी एकाच बनावटीची आणि किल्ली एकाचीही नाही.

त्या दिवसांत आमच्या हद्दीत घरफोड्या सुरू होत्या. मला वाटलं, टोळीच हाती लागली. शेजाऱ्यांच्या देखत तिला जीपमध्ये बसवलं. घरमालक तिथेच म्हणाला, "साहेब, आजच खोली रिकामी करून घेतो बघा. आमची काय वळख न्हाय यांच्याशी."

ठाण्यात तिला फरशीवर बसवलं. मॅनेजरला खुर्ची, हिला फरशी. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहून ठेवलं पाहिजे.

"कुलपं कुठून आणलीस?"

"मी घेतली जी."

"कुठून?"

तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"आणि शर्ट?"

"शर्ट नाही घेतला. कुलपं घेतली. सातही मीच घेतली."

कोणत्या दाराची, ते मात्र सांगेना. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. तिचं पालुपद तेच, कुलपं घेतली, शर्ट नाही. चोर एकतर सगळं नाकारतो, नाहीतर फुटला की सगळं ओकतो. ही अर्धंच कबूल करत होती. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

दुपारी मुद्देमाल सील करायला घेतला तेव्हा आमचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, सगळ्या कुलपांच्या दांडीला लाल रंग लागलाय." पाहिलं तर खरंच. वेगवेगळ्या घरांच्या दारांना एकच लाल रंग कसा असेल? कुलपं बरोबर घेतली आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यासाठी कारखाना गाठला.

मॅनेजरने आधी भिंतीवरचं चौकटीतलं प्रमाणपत्र दाखवलं. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपासणीस मागच्याच आठवड्यात येऊन गेला होता. "अहो साहेब, आपल्याकडे सगळं तिकडच्या नियमानं चालतं," तो म्हणाला. मी शेडमध्ये गेलो. मशिनच्या रांगा, माना खाली घातलेल्या बायका आणि पार टोकाला एक लालभडक दार. वर लिहिलेलं, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. दाराच्या लाल कोयंड्यात एक कोरं करकरीत कुलूप लटकत होतं.

"किल्ली?"

"वॉचमनकडे असते."

"वॉचमन कुठे आहे?"

"चहाला गेलाय."

मी त्याला त्याच्या टेबलाचा ड्रॉवर उघडायला लावला. कुलूप हरवलं तरी माणूस किल्ली टाकत नाही, हे घरफोड्यांच्या तपासात शिकलो होतो. जुन्या किल्ल्यांचा जुडगा निघाला. पंचांसमोर एकेक किल्ली लावत गेलो. सातही कुलपं उघडली.

"ही कुलपं आमची नाहीत," मॅनेजर म्हणाला.

"वा! किल्ल्या तुमच्या आणि कुलपं लोकांची?"

"मागचं दार आम्ही बंद ठेवतच नाही. तसा रिपोर्ट आहे."

"मग हे काय, तोरण लावलंय?"

तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, मागच्या दारानं माल बाहेर जातो. तुम्ही या बायकांना ओळखत नाही." बायका ऐकत होत्या.

ठाण्यात परत आलो आणि आधी तिला खुर्ची दिली. विचारलं, "मागच्या दाराची ना?" तशी ती रडायला लागली आणि बोललीही.

आदल्या वर्षी इस्त्रीच्या टेबलाजवळ वायर जळाली होती. धूर कोंडला. बायका मागच्या दाराकडे धावल्या. "आमी दारावर हात आपटत होतो जी. माही बहीण सगळ्यात पुढं. मागून बाया रेटत होत्या, ते दाराशी चेपून गेली. श्वास नव्हता तिले." धूर आपोआप निवळला म्हणून सगळ्या वाचल्या. कुलूप तसंच राहिलं. फक्त तपासणीस यायच्या दिवशी ते काढून कोपऱ्यातल्या खोक्यात टाकायचे. ती ते जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायची. नवीन कुलूप येईपर्यंत चार-आठ दिवस दार उघडं राहायचं. असं सात वेळा झालं होतं.

"मग आधी काऊन नाही सांगितलं म्हणता? बहीण अजून तिथंच शिवते जी. माहं नाव गेलं त जाऊ द्या, तिचं काम नको जायले."

आता कोडं सुटलं. कुलपं कोण नेतं, हे मॅनेजरला कळलं होतं. पण कुलूप चोरीला गेलं म्हणायचं तर दाराला कुलूप होतं हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून बारा शर्टांची फिर्याद. एका बाईला चोर ठरवणं त्याला दार उघडं ठेवण्यापेक्षा सोपं वाटलं!

आणि तो तपासणीस? आठ दिवस आधी कळवून यायचा. त्या दिवशी प्यायला गार पाणी, तोंडाला मास्क, काय बोलायचं याची बायकांना आदल्या दिवशी तालीम. आम्ही आठ दिवस आधी कळवून जुगाराच्या अड्ड्यावर धाड टाकली असती, तर तिथे भजन चाललेलं सापडलं असतं. याला तपासणी म्हणायची आणि तिची चौकट करून भिंतीवर लावायची. ते शर्ट घालणाऱ्याला तिकडे वाटणार, सगळं ठीक आहे.

मी तिला म्हटलं, "बाई, तुमचं चुकलं. कुलूप नवीन मिळतं. कोयंडाच काढायला हवा होता." ती डोळे पुसत म्हणाली, "पेचकस कोण देते जी आमाले?" मग ते काम मी केलं. दुसऱ्या दिवशी पंचांसमोर तो लाल कोयंडा स्क्रू काढून पुरावा म्हणून जप्त केला.

त्याच दिवशी बारा शर्ट स्टोअरमध्ये 'सापडले'. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. कारखाने निरीक्षकांना पत्र लिहिलं. योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे, असं उत्तर आलं. तिची नोकरी गेली, बहिणीची राहिली. गणवेश घालून मी तिच्या घरमालकाकडे गेलो आणि जेवढ्या शेजाऱ्यांसमोर तिला जीपमध्ये बसवलं होतं, तेवढ्यांसमोर सांगितलं की ही चोर नाही, चूक माझी झाली. तेवढं मी तिचं देणं लागत होतो.

बदली होईपर्यंत मी अधूनमधून न कळवता त्या कारखान्यात जायचो. तो माझा अधिकार नव्हता. चहा प्यायला आलोय म्हणायचो आणि थेट टोकाला जाऊन दार ढकलायचो. उघडायचं. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, की दार बघायचं तर न सांगता जावं आणि हातानं ढकलून बघावं.

प्रकरण संपल्यावर मुद्देमाल मालकाला परत करायचा असतो. आपली कुलपं ओळखून, सही करून घेऊन जावीत, असं पत्र मी कारखान्याला तीनदा पाठवलं. कोणी आलं नाही. एवढा मोठा कारखाना, पण त्या कुलपांना आपलं म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. पोलिसांपुढच्या जबाबावर कायद्यानं सही घेता येत नाही. तरी त्या बाईनं खरं सांगितलं त्या दिवशी स्वतःहून कागद मागून घेतला होता. एकेक अक्षर जोडत तिनं लिहिलं, 'सातही कुलपं मी घेतली', आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.