स्पीचताईंचं अडलेलं वर्ष

समोरचा माणूस बोलत असताना स्पीचताई त्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, ओठांकडे पाहत. नवख्याला वाटे, आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. पुण्याच्या एका रुग्णालयात अनेक वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम केल्यावर, २०१२च्या सुमारास, नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे त्या ऑकलंडला आल्या. मराठी मंडळात आमची ओळख झाली तेव्हा त्या ऑकलंडमधल्याच माउंट वेलिंग्टन भागातल्या एका सुपरमार्केटमध्ये चेकआउटला उभ्या असत.

न्यूझीलंडमध्ये स्पीच थेरपिस्टला सरकारी परवाना लागत नाही. कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्टलाही लागत नाही. पाटी कोणीही लावू शकतो. नोकरी मात्र व्यावसायिक संघटनेच्या सभासदालाच मिळते. ताईंना हंगामी सभासदत्व मिळालं. पूर्ण सभासद होण्यासाठी वर्षभर इथल्या कोणाच्या तरी देखरेखीखाली काम करणं भाग होतं, आणि ते वर्ष त्यांना कोणी देईना. क्लिनिकं म्हणत, पूर्ण सभासद झालात की या. "कायद्याने अडवलं असतं तर कायद्याशी भांडले असते," ताई म्हणत. "इथे सगळे हसून अडवतात. भांडू कोणाशी?"

नवऱ्याने एकदा सर्वांसमोर सुचवलं, "अगं, लाव ना पाटी. कोण विचारतंय?"

"मी विचारते," त्या म्हणाल्या.

लहान मुलाला त्या कधी प्रश्न विचारत नसत. हे काय, ते काय, असं विचारलं की मूल परीक्षेला बसतं, असं त्यांचं म्हणणं. ऑकलंडजवळच्या पुकेकोहे गावातल्या हॉलमधल्या गणपतीत त्या ईशान नावाच्या चार वर्षांच्या मुलाजवळ जमिनीवर नुसत्या बसून राहिल्या. ईशान जेमतेम दोन-तीन शब्द बोलायचा. बऱ्याच वेळाने त्याने आपली गाडी त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात त्याची आई मानसी आली.

"घरी कुठली भाषा बोलता?" ताईंनी विचारलं.

"ओन्ली इंग्लिश. ओटाहुहूच्या बाईंनी सांगितलंय, दोन भाषांनी तो कन्फ्यूज होतो. आईंनाही म्हटलंय, त्याच्याशी फार बोलू नका."

ओटाहुहू या उपनगरातल्या त्या बाई पूर्वी मुलांची नाटकं बसवत. एक ऑनलाइन कोर्स करून त्यांनी पाटी लावली होती. कायद्याने त्यात काहीच गैर नव्हतं. नगरहून आलेल्या आजींना, म्हणजे मानसीच्या सासूबाईंना, इंग्रजी येत नव्हतं आणि दिवसभर मूल त्यांच्याचजवळ असे.

"म्हणजे त्याच्याजवळ जे माणूस आहे, त्याचंच तोंड तुम्ही बंद केलंत," ताई म्हणाल्या.

ईशानचा बाप हसला. "ताई, तुम्हाला हीप्स एक्स्पीरियन्स आहे, ढीगभर, मान्य. पण तुमचं इंग्लिश इंडियन आहे ना. त्याने तोच अ‍ॅक्सेंट उचलला तर?"

"आधी त्याला बोलू तर दे. मग हवा तो अ‍ॅक्सेंट आण."

"पण इथलं लायसन आहे का तुमच्याकडे?"

"इथे कोणाकडेच नसतं. त्या बाईंकडेही नाही."

त्याला हा मत्सर वाटला. ताई मग त्याच्यादेखत आजींकडे वळल्या. "मी थेरपी देत नाहीये, शेजारीण म्हणून सांगते. भाकरी करताना त्याला जवळ घ्या. शिकवू नका, बोला. आणि बोलून झालं की थांबा, त्याला बोलायला जागा द्या."

"लेक नको म्हणतोय गं," आजी म्हणाल्या.

"तो ऑफिसात असतो. तुम्ही घरात असता."

डिसेंबरातला इथला उन्हाळा येईतो ईशान आजीकडे मराठीत भाकरी मागू लागला, मग बालवाडीत इंग्रजीही बोलू लागला. आईबापांनी ओटाहुहूच्या बाईंना इंटरनेटवर पाच तारे दिले आणि खाली आभाराचा परिच्छेद लिहिला. मंडळात कोणीतरी तो ताईंना दाखवला. "मूल बोलतंय ना," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या कार्यक्रमाला त्या आल्या नाहीत.

काही वर्षांनी एका क्लिनिकने त्यांना वर्षभर घ्यायचं कबूल केलं. ताईंनी सुपरमार्केटमध्ये राजीनामाही दिला. रुजू होण्याच्या आठवड्यात क्लिनिकच्या मॅनेजरचा फोन आला. 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करून तिने आपुलकीने चौकशी केली आणि सांगितलं, तुमचा अनुभव आता जुना झाला, अलीकडे काम केलेलं माणूस आम्हाला लागेल.

"यांनीच मला काम करू दिलं नाही," ताई म्हणाल्या, "आणि आता हेच विचारतात, काम का केलं नाहीस."

त्या पुण्याला परत गेल्या. मुलगी इथे शाळेत, नवरा इथे नोकरीत. वर्षभर काम करून अनुभव ताजा करते आणि येते, असं त्या विमानतळावर म्हणाल्या. रुग्णालयाने त्यांना पहिल्याच आठवड्यात कामावर घेतलं. दुसऱ्या वर्षी मुलगीही आईकडे गेली, तिसऱ्या वर्षी इथलं घर विकलं गेलं.

त्या क्लिनिकमध्ये मुलांची प्रतीक्षायादी आहे. त्यांच्या संकेतस्थळावरची जाहिरात अजून तशीच आहे: स्पीच थेरपिस्ट तातडीने हवे आहेत.