एक रुपयाचा जामीन

आयुष्यात मी एकदाच एक रुपया वाचवला, आणि त्यापायी सगळ्या गावानं मला तुरुंगात टाकलं. चूक माझीच होती.

मोबाईल तेव्हा गावात एकच होता. तो सरपंचांच्या जावयाकडे, आणि पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच तो बोलायचा. बाकी साऱ्यांचे निरोप पोपटशेठच्या किराणा दुकानातल्या फोनवर यायचे. असल्या काळात मला पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात जागा मिळाली. फी ऐकून आईनं ताट खाली ठेवलं. मी मात्र जुन्नरच्या बँकेतून शैक्षणिक कर्जाचं माहितीपत्रक आणलं, ते तीनदा वाचलं, आणि घरातला अर्थमंत्री झालो.

"आबा, शिकताना हप्ता न्हाई," मी वडिलांना समजावलं. "शिक्षण संपल्यावरबी बँक एक वरीस थांबती. मग हप्ते चालू."

"म्हंजी गाभण गाय," आबा म्हणाले. "वेतापतुर नुसता चारा घालायचा. दूध मागनं."

"तसं नसतं आबा ते! तुमाला न्हाई कळायचं." (चार पानी माहितीपत्रकात जे होतं ते सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. पण मी इंजिनियर होणार होतो ना!)

बँकेतही ते बरोबर यायला निघाले, तर मी ऐटीत सांगितलं, "तुमचं तिथं काय काम? आज बेल्ह्याचा बाजार. तुमी बैल घिऊन जा."

तर बैल बेल्ह्याला गेला आणि मी जुन्नरला.

बँकेतल्या साहेबांनी माझी फाईल उलटसुलट पाहिली. बोनाफाईड, गुणपत्रक, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळं होतं. मी छाती फुगवली.

"वडील कुठायत?" साहेब.

"बाजारात."

"अरे, वडील सहअर्जदार असतात. सही माझ्यासमोर लागते. शिवाय एक जामीनदार पाहिजे, सातबारा घेऊन. माहितीपत्रकात पहिल्याच पानावर आहे!"

(पहिल्या पानावर पदवीची टोपी घातलेल्या मुलीचा फोटो होता. माझं वाचन तिथंच अडलं असणार.)

"उद्या आणतो साहेब."

"उद्यापासून मी रजेवर. कॉलेजला कर्जमंजुरीचं पत्र कधी द्यायचंय?"

"उद्याच."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेअकरा. "तीनपर्यंत आण. नाहीतर जागा गेली समज."

मी धावत समोरच्या दुकानातला नाण्याचा फोन गाठला. एक रुपया टाकला की मिनिटभर बोलायचं. खिशात सुटे दोनच रुपये. त्यातला एक मी परतीच्या प्रवासातल्या चहासाठी बाजूला काढला आणि मिनिटभरात मावेल असा निरोप मनातल्या मनात कातरून घेतला.

"शेठ, आबांना सांगा, मला जामीन पायजे! तीनच्या आत जुन्नरला या. सातबारा आणा. नानालाबी आणा. नायतर माझं सगळं संपलं!"

"जामीन? अरं पर झालं काय? कुठं हायेस तू?"

"बँकेत सापडलंय सगळं मला, आता फकस्त..."

टूं... टूं... टूं.

(मला म्हणायचं होतं, "बँकेत सापडलंय सगळं मला नीट, आता फकस्त तुमच्या सह्या पायजेत." पण तो 'नीट' आणि त्या सह्या दुसऱ्या रुपयात होत्या.)

पुढचं मला नंतर कळलं. पोपटशेठनं दुकान तसंच उघडं टाकून माझ्या चुलत्यांचं, म्हणजे नानांचं घर गाठलं. "नाना, तुमचा पुतण्या बँकेत सापडला! जामीन मागतोय!" नाना टोपी घालेपर्यंत आळीत बातमी पोचली की तिजोरीला हात घातला. सातबारा काढून नाना टेम्पोत बसेपर्यंत माझे दोन साथीदार फरार झाले होते.

तिकडं बेल्ह्याला आबा ऐन सौद्यात होते. उपरण्याखाली त्यांचा हात व्यापाऱ्याच्या हातात. तिथं तोंडानं बोलायचं नसतं, बोटं दाबून भाव करायचा. पटला नाही तर हात झटकायचा. व्यापारी दोन बोटांवर अडलेला, आबा तिसऱ्यासाठी हटून बसलेले. तेवढ्यात नाना गर्दी फोडत आले.

"दादा, चल! पोरगं बँक लुटताना घावलं!"

आबांचा हात तिथंच गार पडला. झटकायचं भान कुणाला? आणि न झटकलेला हात म्हणजे होकार.

"झाला सौदा!" व्यापारी ओरडला आणि कासरा घेऊन चालू लागला.

आबा, नाना, पोपटशेठ आणि "असू द्या सोबतीला" असं म्हणत चढलेले तीन पाव्हणे असा टेम्पो थेट जुन्नरच्या पोलीस ठाण्यात. हवालदारसाहेब जेवायला बसत होते.

"साहेब, पोराला मारू नका," आबांनी हात जोडले. "लई हुशार हाय."

"हुशार असता तर धरला असता का?" नाना मध्येच.

हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं. "कोठडी रिकामी हाय पावणं. सकाळधरनं माशीबी आली न्हाई आत. निरोप काय व्हता नेमका?"

पोपटशेठनं शब्द न् शब्द सांगितला. हवालदार हसायला लागले ते डबा झाकूनच. "अहो, त्यो कर्जाचा जामीन! मी सोता मेव्हण्याला जामीन ऱ्हायलोय. चला, दावतो तुमाला बँक."

तीनला सात मिनिटं कमी असताना बँकेच्या दारातून आधी एक हवालदार आला आणि त्याच्या मागं सहा माणसं. कॅशियरनं खिडकी लावून घेतली. साहेब उभे राहिले. मी मात्र फाईल छातीशी धरून बाकावरच बसून राहिलो.

आबा सरळ माझ्यापाशी आले. बेड्यांचे वळ शोधत त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरून पाहिली. बैलाच्या दोरीनं घट्टे पडलेले ते हात मी त्याआधी कधी इतक्या हळुवारपणे फिरताना पाहिले नव्हते. आजही बँकेत सही करताना मला सगळ्यात आधी ते हात आठवतात.

"भुका असशील," एवढंच ते बोलले.

मग सह्यांना सुरुवात झाली. साहेबांनी नानांना विचारलं, "जामीन राहायला तयार आहात ना? नीट विचार करा."

"इचार झालाय," नाना म्हणाले. "चोराला ऱ्हाणार व्हतो, मग इंजिनियरला का न्हाई?"

आबांनी दात ओठांवर दाबून, एकेक अक्षर कोरत सही केली. शेवटच्या कागदावर शिक्का मारून साहेब त्यांना समजावू लागले, "हे बघा, शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही. नंतरही एक वर्ष..."

"ठावं हाय साहेब. गाभण गाय. दूध मागनं."

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. "इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नाही! काळजी करू नका आबा, तुमची गाय चांगलं दूध देईल."

आबांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाजारात बैलाचे दात मोजताना पाहायचे, अगदी तसंच.

"गाय कसली साहेब? बैल हाय निव्वळ. आन् मी येडा बाजारात दुसराच इकून आलो."