मोहाखालचं बारसं

सुगंधाबाईंना जंगल पर्यटनाचे फलक करणाऱ्या एजन्सीने फसवलं. त्यांचं लिखाण उचललं आणि नाव गाळलं. मला हे माहीत आहे, कारण ते फलक छपाईला माझ्याच प्रेसमध्ये आले होते.

बायंडिंगच्या दुकानात पानांच्या घड्या घालता घालता मी चंद्रपुरात स्वतःची प्रेस उभी केली. नागभीडकडच्या निवृत्त शिक्षिका सुगंधाबाई यांचं झाडांवरचं पुस्तक मीच छापलं. आमच्याकडे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. त्यातून जंगलाला आग लागते. बाईंनी लिहिलं, पेटवू नका, झाडून घ्या. ते वाचून गावोगावच्या बाया झाडू घेऊन जाऊ लागल्या.

फलकाचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, वाचताना मी थबकले. ‘याच मोहाखाली माझं बारसं झालं.’ वाक्य बाईंच्या पुस्तकातलं. उचलणाऱ्याने तेवढंही वाचलं नव्हतं.

मी एजन्सीच्या मालकाला फोन लावला.

"भाऊ, खाली सुगंधाबाईंचं नाव टाका. त्या ओळीचा चार्ज लावत नाही."

"ताई, तुमी छापाचं पाहा ना. नावाची पंचाईत तुमाले कायले?"

"मग मोहाखाली बारसं कोणाचं झालं? तुमचं?"

तो हसला. "बरं झालं सांगतलं. सुधारून पाठवतो."

सुधारलेली फाइल आली. बारशाचं वाक्य गेलं होतं. बाकी सगळं तसंच, नाव नाहीच. मी छपाई थांबवून ठेवली आणि फलकांचं मॅटर मंजूर करणाऱ्या वनखात्यातल्या साहेबांकडे गेले.

"मॅडम, अशी माहिती सगळ्यांची असते."

"माहिती असेल. वाक्यं बाईंची आहेत."

"आता मॅटर अप्रूव्ह झालं."

मी ऑर्डर परत केली. फलक दुसरीकडून छापून आले.

नंतर बाईंना जंगलाच्या गेटवर, फलक लावला होता तिथे, घेऊन गेले. त्यांनी फलक शेवटपर्यंत वाचला. बारशाची ओळ असायला हवी होती तिथे पुन्हा एकदा वाचला.

"जाऊ दे बाई," त्या म्हणाल्या. "लोक पाला त नाई जाळून राह्यले ना."

मला जाऊ देता येत नाही. आता मी बाईंच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाखाली त्यांचं नाव छापते. उचलणाऱ्याला खोडायचं काम तरी वाढेल.

पण तो फलक अजून तिथेच उभा आहे. मी सांगितल्यावरही बाईंचं नाव कोणी गाळलं, एजन्सीने की साहेबांनी? ज्याने गाळलं त्याने बाईंच्या अंगणात यावं आणि त्यांना तसं तोंडाने सांगावं.