पूजेत लॉक झालेला फोन

बायकोचा फोन मी लॉक केला आणि दोष तिच्या हातांना दिला. दसऱ्याला वडील गिरणीतली हत्यारं पुजायचे. मी तिचा फोन पुजला, कारण तिच्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी त्यावरच येतात. ओलं कुंकू लावताच स्क्रीन आपोआप चालू लागला, पिनचे चुकीचे आकडे टाकत सुटला आणि फोन काही वेळासाठी लॉक झाला. सणाच्या ऑर्डरी आतच अडकल्या.

“पिठाच्या हातांनी धरतेस, मग टच बिघडणारच,” मी म्हणालो.

तिने कव्हर काढलं. कडेला कुंकू साचलं होतं. “अहो, पीठ लाल कधीपासून झालं?”

मी फोन कोरडा पुसला आणि लॉक सुटायची वाट पाहिली. मग म्हणालो, “चुकलो. गिऱ्हाइकांनाही मीच सांगतो, नवऱ्याने पूजा जरा जास्तच मनापासून केली.”