टाके आणि टोले

"बाई, हात रिकामा ठिवू नका. रिकामा हात लई वंगाळ."

हे वाक्य तो मला दिवसातून एकदा तरी ऐकवायचा. मी वर्गावर निघालेली असायची, हातात हजेरीपट, खडू, डस्टर. रिकामा म्हणावा असा हात नसायचाच, तरी म्हणायचा. आणि म्हणताना स्वतःच्या उजव्या पंजाकडे बघायचा, चावऱ्या कुत्र्याचा मालक साखळी धरून त्या कुत्र्याकडे बघतो तसा.

केडगावला आमच्या मुलींच्या शाळेत तो शिपाई होता. नाव सांगत नाही. त्याची बायको अजून आहे, आणि ज्या घरावर त्याचा हात पडला त्या घरातली माणसंही आहेत. उंच, हाडापेराने दणकट, डाव्या मनगटावर दोन्ही बाजूंनी गोल वण. पासष्टच्या लढाईत गोळी आरपार गेली होती. मूळचा खर्ड्याकडच्या एका वाडीतला. फौजेतून सुटल्यावर बायकोला घेऊन इकडे आला. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांड्याने तो असे टोले घालायचा की पहिलीतल्या मुली कानात बोटं घालून बसायच्या.

शाळेच्या फाटकाशी एक टगा सायकल टेकवून उभा राहायचा आणि मुलींना काहीबाही बोलायचा. एके दिवशी याने काही न विचारता त्याच्या कानाखाली वाजवली. एकच, पण त्या एकात दोन दात गेले. ते दात याने मातीतून उचलले, टग्याच्या खिशात घातले आणि सायकल शेजारच्या विहिरीत टाकली. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्याला बोलावून अर्धा तास झापलं. शेवटी विचारलं, "पण सायकल का टाकलीस रे विहिरीत?"

"हात थांबंना, बाई. त्याच्यावर चालिवला असता तर मेला असता. म्हून सायकलीवर चालिवला."

मोठ्या बाईंनी नुसता चष्मा पुसला. फाटकाशी पुन्हा कोणी उभं राहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, असा शिपाई हवाच शाळेला. मीही तेच म्हणत होते, त्याच्या शेजारची खोली भाड्याने घेईपर्यंत.

आमच्या मधे एकच भिंत होती, तीही वर पत्र्यापर्यंत न पोचलेली. राहायला गेल्याच्या आठवड्यातच दिवेलागणीला पलीकडून आवाज आला. आधी भांडं पडलं, मग माणूस पडलं. बाई ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज, पुन्हा पुन्हा. मी लाटणं घेऊन भिंतीवर आपटलं. "अहो! थांबा! मी पोलिसात जाईन!" पलीकडे शांत झालं. 

सकाळी दार उघडलं तर दोघं उंबऱ्यावर बसून लोकर विणत होती. तिचा एक डोळा सुजून मिटलेला. दुसऱ्या डोळ्याने ती त्याच्या सुईकडे बघत होती. "उलट टाका घातलाय तुमी. सुलट हवा." त्याने बघितलं, तीन टाके उसवले, पुन्हा घातले. मला बघून म्हणाला, "या बाई, च्या घ्या." मी दार लावून घेतलं. 

तो शाळेत गेल्यावर मी तिला गाठलं. ती विणता विणताच बोलत होती. तो फौजेत असेपर्यंत ती गावाकडे होती. परत आला तो असा. "झोपंतून उठून मारायचे. कुनाला मारत्यात त्येंनाच कळायचं न्हाई. कदी कळायचं बी." एकदा काठीने तिचं मनगट मोडलं. हाड बसलं, पण बोटं आखडली, भाकरी थापता येईना. त्याच्या मनगटाला गोळी लागली तेव्हा फौजेच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईने बोटं मोकळी व्हावीत म्हणून त्याच्या हाती सुया दिल्या होत्या. त्या सुया त्याने पेटीतून काढल्या, बायकोपुढे बसला आणि तिला टाके घालायला शिकवलं. महिन्याभरात तिची बोटं चालायला लागली. वर्षाभरात ती त्याच्याहून चांगलं विणू लागली.

"मग म्याच नेम केला," ती म्हणाली. "हातात सुई हाय तवर मारायचं न्हाई. त्येंचा डोळा फिरला का मी म्हनती, सुई. त्ये घेत्यात. फौजेतलं मानूस हाय, हुकूम ऐकायची सवय हाय."

"आणि काल?"

"काल लोकर संपल्याली."

हात ज्याने मोडला त्यानेच तो चालता केला. अशा माणसाला काय म्हणायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. मी एवढंच केलं, लोकरीची एक लडी नेहमी माझ्या फडताळात ठेवायला लागले.

पण त्यांचं विणकाम म्हणजे नुसतं औषध होतं असं समजू नका. त्यांना त्याचं वेड होतं. रविवारी दोघं नगरला कापडबाजारात जायची. एका लडीसाठी चार दुकानं पालथी घालायची. ती लोकर गालावर घासून बघायची, तो दाताने तोडून. एकदा मी नगरच्या स्टँडवर त्यांच्यासोबत होते. एका गृहस्थांच्या अंगात राखाडी स्वेटर होता, पाठीवर वेणीची वीण. ही दोघं त्यांच्याभोवती फिरायला लागली. तो माणूस डावीकडे सरकला की हा डावीकडे. शेवटी याने त्यांच्या खांद्यावर तो पंजा ठेवला. "सायब, जरा पाठ दावा." गृहस्थांनी घाबरून खिशातलं पाकीटच पुढे केलं! बायको पुढे होऊन म्हणाली, "पैसं नगं, सायब. टाकं मोजायचं हाईत." ते बिचारे गाडी सुटेपर्यंत पाठ करून उभे राहिले आणि ही दोघं त्यांच्या पाठीवर बोटं ठेवून भांडत राहिली. सहा टाक्यांची वेणी की आठ?

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई सुरू झाली. जवानांसाठी स्वेटर विणून पाठवायचे असं शाळेत ठरलं. शिवणाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मोठ्या बाईंनी मला विचारलं, मी या दोघांचं नाव सांगितलं. आठवीच्या वर्गात खाकी कपड्यातला शिपाई आणि नऊवारी नेसलेली त्याची बायको टेबलापाशी उभी राहिली तेव्हा मुली पदराआड, वहीआड हसत होत्या. आठवड्यात हसू थांबलं. त्यांना शिकवता येत होतं. तो टाके घालून दाखवायचा, ती बाकांमधून फिरत चुका काढायची.

एकदा एका मुलीने विणलेली अख्खी बाही हट्टाने उसवून टाकली. "मला नाही जमत," म्हणून लोकर त्याच्या अंगावर फेकली. त्याचा हात वर गेला. मी दारात होते. तो हात त्या एवढ्याशा तोंडावर पडला असता तर काय झालं असतं, ते मला फाटकावरच्या दातांवरून माहीत होतं. 

मागच्या बाकापाशी ती उभी होती. जागची हलली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सुई."

हात खाली आला. त्याने टेबलावरची सुई उचलली आणि खिडकीकडे तोंड करून विणायला लागला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. आमच्या भागातल्या विहिरींनी तळ गाठला आणि दोन-तीन दिवसांनी एक टँकर यायला लागला. रांगेची व्यवस्था गल्लीतल्या तीन भावांनी आपल्याकडे घेतली होती, म्हणजे कुणी नेमलं नव्हतं, दांडगाईने घेतली होती. आपल्या माणसांचे हंडे पुढे, बाकीच्यांचे मागे. बायका शिव्या द्यायच्या, पण हळू आवाजात.

त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर तो व्हरांड्यात स्टुलावर बसून विणत होता. मी पायऱ्यांवर होते. शेजारची एक बाई धापा टाकत आली. "तुझ्या बायकूला पाडलं रं! डोकं फुटलं! हंडा सोडंना म्हून थोरल्यानं कळशी घातली डोस्क्यात!"

तो उठला. आता मी जे पाहिलं ते नीट सांगते, कारण पुढे तेच मला कोर्टात सांगावं लागलं. त्याने टाके सुईवर मागे सरकवले, निसटू नयेत म्हणून. दोन्ही सुया लोकरीच्या गुंड्यात खोचल्या. गुंडा स्टुलावर ठेवला. मग घंटेचा लोखंडी दांडा उचलला आणि चालायला लागला. पळाला नाही.

मी मागून धावले. टँकरपाशी ती मातीत आडवी पडली होती, शुद्ध नव्हती, केसांतून रक्त वाहून चिखल झाला होता. थोरला भाऊ टँकरच्या नळाशी उभा होता. त्याने याला येताना बघितलं आणि काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. पहिला घाव त्या तोंडावरच बसला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा दंडावर. तो खाली पडला तसे उरलेले दोघे भाऊ धावून आले. एकाच्या हातात पहार होती. याचा उजवा हात टँकरच्या चाकावर टेकला होता, त्याच्यावर पहार पडली. बोटं चेचली गेली. याने दांडा डाव्या हातात घेतला.

लोक पांगले होते. नळ तसाच वाहत होता, दोन दिवसांचं पाणी मातीत चाललं होतं. तिला बोलता येण्यासारखं नव्हतं आणि तो शब्द तिथे मलाच ठाऊक होता. मी ओरडले, "सुई! अहो, सुई!"

त्याने वळून बघितलं. मला ओळखलं. माझी खात्री आहे, ओळखलं. मग पुन्हा पडलेल्या माणसाकडे वळला आणि आणखी दोन घाव घातले.

तो थोरला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला. ती वाचली. याच्या उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली.

कोर्टात त्याच्या वकिलांनी मला विचारलं, "निरोप ऐकताच तो रागाने बेभान होऊन धावला का?" हो म्हटलं असतं तर त्याची शिक्षा कमी झाली असती, एवढं मला कळत होतं. तो पिंजऱ्यात उभा होता, हाताला फडकं गुंडाळलेलं. मी सांगितलं, त्याने आधी टाके मागे सरकवले, सुया खोचल्या, गुंडा ठेवला.  जन्मठेप झाली.

त्या संध्याकाळी मी भिंतीपलीकडे गेले. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. तीच म्हणाली, "खरं बोल्लात. खोटं बोल्ला असता तर त्येंनाच आवडलं नसतं." आणि मग, "आता घरात मार न्हाई, बाई. बरं वाटतं. खोटं कशाला सांगू?" तिच्या मांडीवर अर्धा स्वेटर होता. "पन विनलेलं कुनाला दावू?"

एकदा तिच्याबरोबर मी तुरुंगात भेटीला गेले. सुया आत नेता येत नव्हत्या. तिने स्वेटरची पाठ सुतळीवर ओवून नेली होती, ती जाळीवर धरली. तो आतून नाक लावून बघत राहिला. रोडावला होता, मिशा उतरवलेल्या, उजवा पंजा बगलेत लपवलेला.

"मुंढा चुकलाय," तो म्हणाला. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ती खाच. "येकदम चार टाके घटवलेस. दोन-दोन घटवायचे."

"दोन-दोननं काखंत चोळामोळा हुतो."

"न्हाई हुत."

"हुतो. तुमच्या निळ्या स्वेटरला काय झाल्तं?"

भेटीची सगळी वेळ ती दोघं मुंढ्यावर भांडली. तब्येत कशी, जेवण काय, गावाकडचं काय, एक शब्द नाही. पहाऱ्यावरचा शिपाई तोंडावर हात ठेवून हसत होता. वेळ संपली तेव्हा तो जाता जाता ओरडला, "दोन-दोन!" ती ओरडली, "चार!"

ती त्यांची शेवटची भेट. पुढल्या थंडीत त्याला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. तार उशिरा मिळाली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. कचेरीतल्या कारकुनाने एक गाठोडं पुढे केलं. एक बनियन, एक टोपी, तंबाखूची डबी. आणि हातभर लांब, मळकं, विणलेलं काहीतरी. कांबळ्याचे धागे ओढून त्याची लोकर केली होती. खराट्याच्या दोन काड्या अजून त्यात अडकलेल्या होत्या. कारकून म्हणाला, एक काडी काखेत दाबून धरायचा आणि डाव्या हाताने विणायचा. पुष्कळ दिवस चाललं होतं. "पण आहे काय हे?"

"मुंढा हाय," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती फाटकाजवळच्या दगडावर बसली. तो तुकडा तिने उलटा केला, मागची बाजू बघितली, कडेवरून बोट फिरवत टाके मोजले. काही ठिकाणी टाके सुटले होते, तिथे तिचं बोट थांबायचं. दोन-दोन घटवले होते. मग तिने तो स्वतःच्या काखेला लावून बघितला, दंड वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. रस्त्याने जाणारी माणसं बघत होती.

"त्येंचंच चुकलंय," ती म्हणाली. "चोळामोळा हुतोय. माझंच बरुबर हुतं."

तुकड्याची घडी घालून तिने ती पोलक्यात ठेवली आणि गाडी गाठायला माझ्या पुढे चालू लागली.