हंडा घेतलेला कावळा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका दर रविवारी सूचनाफलकावर स्वतः काढलेले व्यंगचित्र लावत. विषय राजकारणाचा असे, पात्रे मात्र बालगोष्टींतली. खाली नावे लिहा, असे कोणी सुचवले की ते चष्मा पुसत म्हणत, "नावं घातली की चित्राची पाटी होते."

त्या उन्हाळ्यात आमच्या नळांना पाणी येईनासे झाले. तेव्हा त्यांनी चिमणीचे घर काढले. आत चिमणी पिल्लाला न्हाऊ घालते आहे आणि बंद दाराबाहेर कावळा रिकामा हंडा घेऊन उभा आहे. चिमणी म्हणजे आमचे नगरसेवक, हे आम्ही सर्वांनी लगेच ओळखले.

नेमके त्याच दिवशी नगरसेवक आले. नवी जलवाहिनी त्यांच्याच हाती असल्यामुळे आमचे सेक्रेटरी घाईने फलकाला पाठ लावून उभे राहिले. नगरसेवकांनी त्यांना बाजूला करून चित्र निरखले.

"वा, हा कावळा म्हणजे मीच. तुमच्यासाठी हंडा घेऊन महापालिकेच्या दारात उभा आहे, आणि तिथले लोक दार उघडत नाहीत. काका, हे माझ्या कार्यालयात लावतो."

काकांनी टाचण्या काढून चित्र त्यांच्या हाती दिले. गुंडाळायला रबरबँडही दिला.

मी शिक्षक. वर्गात चिऊ-काऊची गोष्ट सांगताना तात्पर्य मला कधी अडले नव्हते. त्या दिवशी मात्र चेष्टा नेमकी कोणाची झाली, हेच कळेना. शेवटी मी काकांना विचारले, "अहो, आपण काहीच कसं बोलला नाहीत?"

"थांबा की, सर," ते म्हणाले. "हंडा भरला तर त्यांचं बरोबर. नाही भरला, तर माझं."